छतावरचे पाणी : सोपे गणित

'तहान लागल्यावर विहीर खणणे' ही म्हण आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती शिकलो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने ती प्रत्यक्ष अनुभवली. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला, निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली आणि शहर टँकरवर आलं. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ९०० मि.मी. पाऊस पडतो. मग पाणी जातं कुठे?

धरणाचं आणि छताचं गणित वेगळं असतं. सुरुवातीचा पाऊस तापलेली जमीन पिऊन घेते. ती भिजल्यावर जोराचा पाऊस आला तरच पाणी वाहून धरणात येतं. म्हणून पाऊस थोडा कमी झाला तरी धरणातलं पाणी फार कमी होतं. टिनाचं छत किंवा स्लॅब मात्र जवळजवळ पहिल्या सरीपासून पाणी देतं.

किती पाणी मिळेल?

१ चौ.मी. छतावर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छत ५० चौ.मी. (सुमारे ५४० चौ.फूट) धरा :

५० × ९०० = ४५,००० लिटर

उडून, सांडून २० टक्के गेलं तरी ३६,००० लिटर उरतात. पाऊस निम्माच झाला तरी १८,००० लिटर!

आता गरज बघू. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर लागतात. १ ऑक्टोबर ते १५ जून म्हणजे २५८ दिवस. २५८ × २५ = ६,४५० लिटर. म्हणजे २ मी. लांब, २ मी. रुंद आणि पाणी १.७५ मी. खोल राहील असं ७,००० लिटरचं टाकं पुरतं, दुष्काळी वर्षातही! सगळं पाणी साठवायचा अट्टहास नको. आधी पिण्याचं बघावं.

रचना कशी करावी?

१) उन्हाळ्याच्या शेवटी छत झाडून घ्या. स्लॅबचा उतार तपासा. टिन किंवा कवेलू असतील तर कडेला पन्हाळ लावा. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावरचं पाणी पिण्यासाठी घेऊ नका.

२) पहिल्या पावसाचं पाणी टाक्यात घेऊ नका. धूळ, पाला, पक्ष्यांची घाण त्यातच असते. पहिले २ मि.मी. सोडायचे म्हटले तर आपल्या छताचे १०० लिटर होतात. पाइपला खाली टोपण ठेवलं की काम भागतं.

३) त्यानंतर गोटे, गिट्टी आणि धुतलेली वाळू यांचा फिल्टर. वाळू गाळ अडवते, सगळे जंतू नाही. म्हणून पिण्याआधी पाणी उकळा किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन टाका.

४) टाकं झाकलेलं हवं. उजेड गेला की शेवाळ, फट राहिली की डास! जादा पाण्याच्या पाइपलाही जाळी लावा.

जादा पाण्याचं काय?

ते विहिरीत सोडा, पण गाळूनच. शोषखड्डा करायचा तर आपली काळी माती लक्षात ठेवा. ती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरू देत नाही. खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर ते डबकंच होतं.

केळापूर, झरी जामणी भागातल्या काही गावांसाठी तर हा आरोग्याचा प्रश्न आहे. तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मि.ग्रॅ.च्या वर नको. जास्त झालं की दात आणि हाडं खराब होतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पावसाच्या पाण्यात मात्र ते नसल्यासारखंच असतं. तिथे टाकं म्हणजे औषधाआधीचा उपाय!

तेव्हा होस्टेलवासीयांनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की टेप घेऊन छत मोजा आणि वरचं गणित आई-बाबांसमोर मांडा. सिव्हिलचा असो की कॉम्प्युटरचा, एवढा गुणाकार प्रत्येकाला येतो. आणि हो, आपल्या होस्टेलची गच्चीही मोजायची राहिली आहे!