संगणकीय आरेखनात अचूक निवडीचे महत्त्व

वर्धा नदीच्या काठी वसलेल्या बल्लारपूरचे नाव सागवानाशी निगडित आहे. २०२३ साली अयोध्येतील राममंदिराच्या दरवाजांसाठी लागणारे सागवान येथूनच रवाना झाले. लाकडाच्या व्यवहारात नेमका नग निवडण्यास मोठे महत्त्व असते, कारण एकदा कापलेले लाकूड पूर्ववत होत नाही. त्या लाकडाच्या चौकटी ज्या नकाशावरून बनतात, तो नकाशा आता संगणकावर तयार होतो. तेथेही पहिले काम निवडीचेच असते.

१९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही आरेखन प्रणाली सिद्ध केली. तीत पडद्यावरील रेषेवर प्रकाशलेखणी रोखून ती रेषा निवडली जाई. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडमुळे हे तंत्र लहान कार्यालयांपर्यंत पोहोचले. लेखणीची जागा पुढे माऊसने घेतली.

डावीकडून की उजवीकडून?

शाळेच्या इमारतीच्या नकाशातील एका दरवाजाची जागा बदलावयाची आहे, असे समजू. ऑटोकॅडमध्ये प्रथम डावीकडे व नंतर उजवीकडे टिचकी मारून चौकट आखल्यास, तिच्यात पूर्णपणे सामावलेल्या आकृतीच निवडल्या जातात. दरवाजा निवडला जातो. चौकटीबाहेर जाणारी भिंतीची रेषा सुटते. तीच चौकट उजवीकडून डावीकडे आखल्यास तिला केवळ स्पर्श करणारी भिंतही निवडीत येते. अशा वेळी ‘डिलीट’ची कळ दाबली तर दरवाजासोबत भिंतही पुसली जाते. पहिली चौकट निळी व दुसरी हिरवी दिसत असल्याने रंगाकडे लक्ष ठेवणे हिताचे ठरते.

दुसरी पद्धत निरुपयोगी मात्र नव्हे. खोलीची लांबी वाढविताना ‘स्ट्रेच’ या आज्ञेसाठी उजवीकडून आखलेलीच चौकट लागते. तीत आलेली रेषांची टोके सरकतात व उरलेली जागेवर राहतात.

उपयुक्त कळा

चुकून निवडलेली आकृती ‘शिफ्ट’ दाबून टिचकी मारल्यास निवडीतून वगळता येते. ‘एस्केप’ने सर्व निवड रद्द होते. आज्ञा चालू असताना ‘एल’ टंकित केल्यास शेवटी काढलेली दृश्य आकृती, ‘पी’ने मागील निवड, तर ‘एफ’ने आखलेल्या रेषेला छेदणाऱ्या आकृती मिळतात. ‘कंट्रोल’ व ‘ए’ यांनी सर्व आकृती निवडल्या जातात. परंतु बंद करून दिसेनासे केलेले थरही त्यात येतात. म्हणून तसे थर आधी गोठविणे किंवा कुलूपबंद करणे आवश्यक होय. फ्रीकॅड या विनामूल्य प्रणालीत एकामागून एक आकृती निवडण्यासाठी ‘कंट्रोल’ दाबून ठेवावे लागते. प्रणाली बदलली की कळांचे अर्थही बदलतात, हे विद्यार्थ्यांस आरंभीच सांगितले पाहिजे.

मोजणीचा पडताळा

एक दरवाजा निवडून ‘सिलेक्ट सिमिलर’ ही आज्ञा दिल्यास त्याच नावाचे व त्याच थरातील सर्व दरवाजे निवडले जातात, आणि गुणधर्मांच्या फलकावर त्यांची संख्या दिसते. नकाशात सहा दरवाजे असताना संख्या पाच आली, तर एक दरवाजा निराळ्या थरात किंवा सुट्या रेषांनी काढला गेला असण्याची शक्यता असते. ही त्रुटी तशीच राहिल्यास अंदाजपत्रकात पाचच चौकटी धरल्या जातील आणि सहाव्या दरवाजाचा खर्च काम अर्ध्यावर आल्यावर उद्भवेल.

नकाशास मान्यता देणाऱ्या पंचायत सदस्यांस संगणक चालविता आलाच पाहिजे असे नाही. दरवाजे, खिडक्या व खांब यांची नकाशातील संख्या अंदाजपत्रकाशी जुळविली आहे काय, एवढा प्रश्न त्यांनी मान्यतेपूर्वी विचारावा. आरेखकास या पडताळ्यासाठी काही क्षणच लागतात. त्यातून वाचते ते मौल्यवान सागवान आणि जनतेचा पैसा.