नोकरीनंतरचे बंधन आणि कलम २७

चेन्नईतील उपाहारगृहाने डोसे घालणाऱ्या कामगाराकडून 'नोकरी सोडल्यावर वर्षभर शेजारच्या उपाहारगृहात काम करणार नाही' असे लिहून घेतले, तर ती अट टिकेल काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ अन्वये व्यवसायास प्रतिबंध करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत असा सरसकट निषेध नाही. म्हणूनच 'जिमी जॉन्स' या सँडविच-विक्रेत्या साखळीच्या अशाच अटीविरुद्ध इलिनॉय राज्याला २०१६ मध्ये न्यायालयात जावे लागले.

येथे परीक्षार्थींची गल्लत होते. गोलिकरी खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीतील बंधन वैध मानले. मुदतीनंतरचे बंधन ही वेगळी बाब. अर्थात, रद्दबातल अटही धाक घालू शकते. मालकाने पगार वा मूळ कागदपत्रे अडकवली, तर तमिळ न जाणणाऱ्या परप्रांतीय आचाऱ्याला कलम २७ कोण समजावून सांगणार?