शरदातील भ्रमंती आणि पाळीव कुत्रा

पावसाळा सरून आश्विन लागला की मीरा-भाईंदर परिसरात भटकंतीचे दिवस सुरू होतात. पूर्वेस हिरवेगार डोंगर आणि पश्चिमेस उत्तनचा किनारा, अशा दोन दिशा येथील रहिवाशांना खुल्या असतात. घरचा कुत्रा बरोबर न्यावयाचा असल्यास मात्र यांपैकी कोणती दिशा धरावी, हा प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. त्यात जनावराचे आरोग्य आणि वन्यजीवांचे संरक्षण या दोन्ही बाबी गुंतलेल्या आहेत.

पूर्वेकडे का जाऊ नये?

काशिमीरा, चेणे, वरसावे या भागांना लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर असून, घोडबंदर रस्त्यामुळे मुख्य वनापासून वेगळा पडलेला नागला विभागही त्यातच मोडतो. उद्यानात पाळीव कुत्रे नेण्यास मनाई आहे आणि तिला सबळ कारणे आहेत.

पहिले कारण बिबट्या. कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य होय. येथील बिबटे वर्षाकाठी सुमारे १,५०० भटके कुत्रे खात असावेत, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला होता. शिवाय भेदरलेला कुत्रा धन्याकडेच धाव घेतो आणि संकट माणसापर्यंत येऊन पोहोचते.

दुसरे कारण याच्या उलट आहे. कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग मार्जारकुळातील वन्य प्राण्यांनाही होतो. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटी येथे या रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह दगावले. २०१८ साली गीरच्या वनात वीसहून अधिक सिंह मृत्यू पावले, तेव्हा त्यांतील काहींमध्ये हाच विषाणू आढळला. निरोगी दिसणारा कुत्राही रोगाचा वाहक असू शकतो.

पश्चिमेकडील वाटा

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी या गावांवरून उत्तनला जाता येते. पुढे चौक येथील टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत या ठिकाणाला मोठे महत्त्व होते. येथून खाडीपलीकडचा वसईचा परिसर दृष्टीस पडतो. सकाळच्या फेरीस हा टापू सोयीचा आहे. कुत्रा मात्र पट्ट्यानेच धरावा. किनाऱ्यावर कोळी बांधवांनी वाळत घातलेली मासळी हे त्यांच्या उपजीविकेचे साधन असते. तिच्याजवळ कुत्र्यास फिरकू देऊ नये. हिवाळी पाहुणे पक्षी याच सुमारास खाडीच्या चिखलात चरू लागतात. त्यांच्यामागे कुत्रा सोडू नये.

घ्यावयाची दक्षता

आश्विनातील ऊन फसवे असते. कुत्र्यास माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड ठेवतो. दमट हवेत हा उपाय अपुरा पडतो व उष्माघात संभवतो. यास्तव फेरी उन्हे चढण्यापूर्वी आटोपावी आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे. डांबरी रस्त्यावर हाताची मागील बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. चटका बसल्यास तो रस्ता कुत्र्याच्या पायांनाही सोसणार नाही, हे ओळखावे.

पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात गोचिडी व सर्प असतात. घरी परतताच कान, मान व बोटांमधील जागा तपासावी. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. ते पाणी पिऊ देऊ नये.

रेबीज, डिस्टेंपर व लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसी पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्याव्यात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन शरदाच्या तोंडाशीच येतो. लसीची तारीख तपासण्यास तो दिवस लक्षात ठेवावा. कोणास कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचारांचा बहुधा उपयोग होत नाही.

वन बिबट्यासाठी आणि किनाऱ्याची वाट आपल्या सोबत्यासाठी, एवढी विभागणी प्रत्येक कुटुंबाने पाळली, तरी दोघांचेही प्राण सुरक्षित राहतील.