झाडाचे पाणी कोठे जाते?

जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरात टोमॅटोची लागवड मोठ्या प्रमाणावर होते. उन्हाळ्यात भर दुपारी तेथील एखाद्या शेतात गेल्यास एक नवल दिसते. माती ओली असते, तरीही रोपांनी माना टाकलेल्या असतात. नवखा मनुष्य घाबरून पुन्हा पाटाचे पाणी सोडू पाहील. परंतु ओल्या जमिनीत आणखी पाणी साचले, तर मुळांना हवा मिळेनाशी होऊन रोपे खरोखरच मरण्याचा संभव असतो. जाणता शेतकरी आधी माती चाचपून पाहतो आणि थांबतो. ऊन उतरले की तीच रोपे पुन्हा ताठ उभी राहतात.

मग दुपारी रोपांतील पाणी जाते कोठे? ते पानांवाटे हवेत जाते. पानांच्या त्वचेवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन असे नाव आहे. पानांनी भरलेल्या फांदीवर पारदर्शक पिशवी बांधून ती उन्हात ठेवली, तर थोड्याच वेळात पिशवीच्या आत पाण्याचे थेंब जमलेले दिसतात.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने हे पाणी मोजले. त्याने कुंडीतील सूर्यफुलाचे झाड घेतले, कुंडीचे तोंड झाकले आणि ती वारंवार तोलली. सुमारे साडेतीन फूट उंचीचे ते झाड दिवसाच्या १२ तासांत सरासरी सव्वा पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक पाणी गमावीत होते. हे प्रयोग त्याने १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

मुळांनी शोषलेल्या पाण्याच्या १०० भागांपैकी ९० हून अधिक भाग असे उडून जातात. ही निव्वळ उधळपट्टी नव्हे. पानांतून वाफ गेली की तिच्या ओढीने खोडातील बारीक नलिकांतून पाणी वर चढते व जमिनीतील क्षारही पानांपर्यंत पोचतात. पाने थंड राहतात. शिवाय अन्न तयार करण्यासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड वायू झाड याच रंध्रांतून घेते. दार उघडावे तर पाणी जाते. मिटावे तर अन्न थांबते. असा हा पेच आहे.

प्रत्येक वनस्पती तो आपल्या परीने सोडविते. माळावरच्या फड्या निवडुंगाला पानांच्या जागी काटे असतात व त्याची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरच्या रानात पाऊस विपुल पडतो, पण पुढे अनेक महिने कोरडे जातात. तेथील अंजनाची पाने जाड व तुकतुकीत असल्याने पाणी जपून वापरतात. सावर तर हिवाळ्यात पानेच गाळून टाकते. तिच्या उघड्या फांद्या पाहून ती वाळली असे वाटते; वास्तविक तिने पाण्याचा खर्च थांबविलेला असतो.

टोमॅटोची रोपे ऊन कलल्यावर लावतात, त्याचे कारणही हेच. रोप उपटताना कोवळी मुळे तुटतात आणि पाण्याचा पुरवठा घटतो. रात्री पानांचा खर्च थोडा असतो. तेवढ्या अवधीत रोपाला सावरता येते व सकाळच्या उन्हाला ते तोंड देऊ शकते.