जानेवारीत पाहिलेलं घर

नोकरी पुण्यात, शिवाजीनगरला. घर मात्र मी लोणावळ्यात भाड्याने घेतलं. भाडं परवडत होतं, हवा चांगली होती. तीन वर्षं राहिले. त्यातलं मनात राहिलेलं थोडंसं सांगते.

१. लोणावळ्यातलं घर पावसाळ्यात बघायचं असतं. मी भांगरवाडीतला फ्लॅट जानेवारीत पाहिला. लख्ख ऊन, नवा रंग, खिडकीत डोंगर. जुलैत त्याच खिडकीच्या फटीतून पाणी आत आलं आणि पश्चिमेच्या भिंतीवर रंगाखालची जुनी ओल हळूहळू वर आली. इथे वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्यात ७००च्या आसपास. हे मला ठाऊक होतं, पण नुसतं ठाऊक होतं. चपलांना बुरशी येते, मिठाला पाणी सुटतं, ओढणी चार दिवस दोरीवर दमटच राहते, हे सगळं त्या आकड्यात आहे हे तिथे नांदल्यावर कळलं. शेजारच्या काकूंनी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावलं, आत बल्ब लावून ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, “अगं, घर बघताना आधी रंगाचा वास येतोय का ते बघायचं. ओल झाकायलाच रंग काढतात.” मला तर तो वास आवडला होता.

२. अंतर पुण्यापासून मोजायचं नसतं, स्टेशनपासून मोजायचं. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. ६४ किलोमीटरचा मार्ग, शिवाजीनगरपर्यंत सव्वा तास धरावा. लोणावळ्याला गाडी सुटते म्हणून सकाळी बसायला मिळतं, हे सुख मोठं. पण दुपारी कित्येक तास लोकलच नसायची. अर्ध्या दिवसाची रजा घेतली तरी मी स्टेशनवरच बसून असे.

३. डब्यातली माणसं आपली कधी होतात ते कळत नाही. मळवलीला चढणाऱ्या दोघी, कामशेतची एक नर्स, तळेगावला उतरणाऱ्या बाई. नावं माहीत व्हायच्या आधी एकमेकींचे डबे माहीत झाले. तापाने तीन दिवस गेले नाही, तर चौथ्या दिवशी नर्सताई संध्याकाळी थेट दारात. मी कुठे राहते हे तिने भाजीवाल्या मावशींकडून काढलं होतं. पुण्यात सहा वर्षं एकाच मजल्यावर राहून असं कुणी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाकडे गेले नव्हते.

४. शनिवार-रविवारी हे गाव आपलं नसतं. मंगळवारी आमच्या सोळा फ्लॅटांच्या इमारतीत पाच घरांत दिवा दिसे; शनिवारी सगळ्यांत. भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबला की औषध आणायलाही निघता येत नसे. मी चिडून मावशींजवळ बोलले. त्या जुडी बांधत म्हणाल्या, “ताई, पावसाळ्याच्या या दोन महिन्यांवर पोरांच्या वर्षाच्या फिया भरते मी.” त्यानंतर दूध-भाजी शुक्रवारीच भरायला लागले.

५. करारावरची तारीख भाड्याच्या आकड्याइतकीच नीट वाचावी. दुसऱ्या वर्षी मालकांनी अकरा महिन्यांऐवजी मेअखेरपर्यंतचाच करार केला. “पुढचं नंतर बघू,” म्हणाले. मी सही केली. मेमध्ये निरोप आला, घर रिकामं करा. पावसाळ्यात पाहुण्यांना रोजावर द्यायचं होतं. फार लागलं मला ते. मग कायदा वाचला. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. पण लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की निघावंच लागतं. राहिलात तर दुप्पट रक्कम मोजावी लागू शकते. म्हणजे कागदावर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्या घराला मी दीड वर्ष ‘माझं घर’ म्हणत होते, तेवढा शब्द गिळायला वेळ लागला.

६. दोन महिने सामान काकूंच्या रिकाम्या खोलीत पडलं. दुसरं घर ऑगस्टमध्ये मिळालं, वळवणला, एजंटाकडून नाही, डब्यातल्या ओळखीतून. धो धो पाऊस होता. दार उघडणाऱ्या आजींनी मला चहाचंही विचारलं नाही, आधी आतल्या खोलीत नेलं, भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “ही गळते. इथे पलंग लावू नकोस.” मी पर्समधून डिपॉझिटचे पैसे तिथेच काढले.