मार्जारकुळाची वाढ : हिंगणी परिसराच्या निमित्ताने

हिंगणीपासून जवळच असलेले बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्यामुळे चुलीजवळचे मांजर, बांधावरचे रानमांजर, बिबट आणि वाघ हे एकाच कुळातील प्राणी आपल्या परिसरात नांदतात. त्यांची शरीररचना सारखी असून आकारमानात एवढी तफावत का, याचा येथे विचार करू.

आकारमानाची मर्यादा प्रथम आनुवंशिकता ठरविते. मांजराचे पिल्लू जन्मतः सुमारे १०० ग्रॅमचे असते. वर्षभरात त्याची वाढ बहुतेक पूर्ण होते व वजन ३ ते ५ किलोंवर स्थिरावते. वाघाचा बछडा जन्मतः साधारण १ किलोचा असतो. पूर्ण वाढलेली वाघाटी, म्हणजे जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, एवढीच भरते! परंतु बछडा चार-पाच वर्षे वाढत राहतो आणि नर २०० किलोंच्या आसपास पोहोचतो. वाढीचा काळ जितका दीर्घ, तितका देह मोठा. नर मादीहून थोराड असतो, हाही आनुवंशिकतेचाच भाग होय.

मर्यादा रक्ताची असली, तरी ती गाठणे पोषणावर अवलंबून असते. निरोगी पिल्लू रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. वेतात पिल्ले अधिक असल्यास प्रत्येकाच्या वाट्याला दूध कमी येते. पोटातील जंतही वाढ खुंटवितात. गाईच्या दुधाने अनेक पिल्लांना हगवण लागते. केवळ दूधभातावर मांजर पोसत नाही; डोळे व हृदय यांसाठी आवश्यक असणारे टॉरिन त्याला मांसाहारातूनच मिळते. नसबंदीने वाढ खुंटते, हा समज चुकीचा आहे. लहान वयात ती केल्यास हाडांची वाढ उलट थोडी लांबते. मात्र नंतर चरबी वाढते, म्हणून आहार मोजका ठेवावा. लठ्ठपणा म्हणजे वाढ नव्हे.

यातून आपल्या गावांसाठी एक महत्त्वाचा बोध निघतो. शेतात रानमांजराची वा बिबट्याची पिल्ले दिसली, तर ती अनाथ आहेत असे समजू नये. आई शिकारीला गेलेली असते. त्यांना उचलणे म्हणजे त्यांचे दूध, ऊब आणि शिकारीचे शिक्षण हिरावणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्यास मनाई आहे. हात न लावता दूर व्हावे, मुलांना दूर ठेवावे आणि वनविभागास कळवावे. पिल्लाच्या वाढीस आईइतके पोषक दुसरे काही नाही.