हरित इमारतींचे गुणपत्रक

गुणपत्रकाशी आपणा विद्यार्थ्यांचा संबंध नित्याचा. परंतु इमारतींनाही ते मिळते, हे अनेकांना ठाऊक नसेल. बांधकामात आणि वापरात पाणी, वीज व साहित्य किती जपून खर्च होते हे तपासून गुण देण्याची 'ब्रीॲम' पद्धत ब्रिटनमध्ये १९९० साली सुरू झाली. पुढे अमेरिकेत 'लीड' निघाली आणि तीच आपल्याकडेही आली.

हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राला २००३ साली 'लीड'चे सर्वोच्च, म्हणजे प्लॅटिनम मानांकन मिळाले. ६९ पैकी ५६ गुण! अमेरिकेबाहेर हा मान मिळवणारी ही पहिली इमारत. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी तेथे योजिले काय? मधोमध मोकळा चौक, ऊन अडवणाऱ्या जाळ्या, यंत्राकडे जाणारी हवा आधीच गार करणारे वातमनोरे आणि गच्चीवर हिरवळ. चौक आपल्या वाड्यांनाही होताच. गुण द्यायला मात्र कुणी आले नाही.

'टेरी' संस्थेने सिद्ध केलेली 'गृह' पद्धत भारत सरकारने २००७ मध्ये राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. वातानुकूलन नसलेल्या इमारतींचाही ती विचार करते, आणि तिचे मानांकन पाच वर्षांपुरतेच असते. मला हे रास्त वाटते. इमारत कागदावर कितीही हिरवी असो, भर दुपारी पडदे ओढून दिवे लावणारी माणसे तिच्यात राहायला आली की हिशेब बदलतो.

माझा आक्षेप गुणांच्या वाटणीवर आहे. २००३ च्या सुमारास 'लीड'मध्ये सायकली ठेवण्याची व कपडे बदलण्याची सोय केली की एक गुण मिळे. आणि जुन्या इमारतीच्या भिंती, जमिनी व छप्पर यांचा पाऊण हिस्सा राखला, तरी एकच! (आपल्या सायकल स्टँडची आठवण येथे होणारच.) वस्तुतः विटा भाजायला जे जळण लागले ते भिंत पाडताच वाया जाते. नव्या भिंतीला सिमेंट हवे. त्यासाठी चुनखडी भाजताना जळणाच्या धुराखेरीज खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो.

२०१३ च्या चौथ्या आवृत्तीत ऐतिहासिक इमारत राखण्यास पाच गुण ठेवले, ही सुधारणा खरी. परंतु पुण्याच्या पेठांतील वाडा पडतो तेव्हा सागवानी तुळया-खांबांना गिऱ्हाईक मिळते, भिंतींचा राडारोडा होतो. त्या जागी येणाऱ्या इमारतीने 'लीड'साठी अर्ज केला, तर पाडलेल्या वाड्याबद्दल तिचा एकही गुण कापला जात नाही.